कठड्याचं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात गाऱ्हाण्याचा मान आहे. गावच्या देवळात आजोबा गाऱ्हाणं घालायचे, त्यांच्यामागे वडील, आणि वडील गेल्यावर इथे मुंबईत मी. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा कोकणातल्या माणसांना काही नवीन सुरू करायचं झालं की देवापुढे नारळ ठेवतात आणि एकाने उभं राहून देवाशी बोलायचं असतं. काय करायचं ठरवलंय, अडचण काय आहे, देवाने काय करावं, सगळं मोठ्याने. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्यात मंत्र नाही, संस्कृत नाही. आपलीच मालवणी बोली. पण एक अट आहे. वडील सांगायचे, "गाऱ्हाण्यात खोटा बोलूचा नाय. देव ऐकता आणि माणसां व्हय म्हणतत. तू खोटा बोललंस तर समद्यांका खोट्यात घातलंस."

मी सीताराम घाडी. घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर राहतो. कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर आहे. टेकडीच्या खालच्या अंगाला बरीचशी आमच्या गावची घरं. वरच्या अंगाला, विहाराच्या आसपास, बौद्ध वस्ती. चढायच्या-उतरायच्या पायऱ्या मात्र दोघांच्या त्याच. उभ्या, अरुंद, मध्येच वळणाऱ्या. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला गटार आणि त्याच्या पलीकडे थेट खालच्या घरांचे पत्रे.

आमचा नगरसेवक दशरथ परब आमच्याच गावचा. निवडणुका लांबल्या होत्या, त्यामुळे मधली काही वर्षं तो कागदावर नगरसेवक नव्हता, पण टेकडीवर त्याला नगरसेवकच म्हणत. दर निवडणुकीला त्याच्या प्रचाराची सुरुवात एकच. पायथ्याशी देवीची घुमटी आहे, तिच्यापुढे मांडव घालायचा, नारळ ठेवायचा, आणि मी गाऱ्हाणं घालायचं. सगळे गावकरी व्हय म्हाराजा म्हणायचे. ते झालं की आमच्या लोकांची मतं ठरली, असं सगळे धरून चालत. दशरथही.

माझी बायको रत्नप्रभा बायकांच्या बाजूला बसायची. तिचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या मागून यायचा, किंचित उशिरा. मी घरी विचारायचो, "तू इतरांबरोबर का नाही गं म्हणत?" ती म्हणायची, "तुमी काय बोललास ता आधी ऐकूक नको?" इतक्या माणसांत तिचा आवाज मला वेगळा ओळखता यायचा. तिचं म्हणून झालं की मी पुढचं वाक्य घ्यायचो.

ती मागच्या वर्षी गेली.

त्याआधी तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुरुवातीला ती माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरायची. मग तेही होईना. पायऱ्यांना कठडा नव्हता. कठडा व्हावा म्हणून मीच दशरथाच्या गाऱ्हाण्यात देवीकडे मागणं घातलं होतं. पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच मागणं घातलं. दोन्ही वेळा माणसं जोरात व्हय म्हाराजा म्हणाली होती, आणि सगळ्यांत जोरात दशरथ.

माधुरी शिरसाट वरच्या वस्तीतली. अंधेरीला एका एक्स्पोर्ट कंपनीत नोकरी करते. तिची-आमची ओळख म्हणजे पायऱ्यांवर येता-जाता मान हलवण्यापुरती. एका सकाळी ऑफिसला निघालेली ती आमच्या दारापाशी थांबली. रत्नप्रभा उंबऱ्यात बसून होती. उतरायचं कसं ह्या विचाराने तिला रडू येत होतं आणि मी उगाच तिच्यावर ओरडत होतो.

माधुरी म्हणाली, "काका, घरात हाताची खुर्ची आहे?"

प्लास्टिकची होती. तिने ती दाबून बघितली आणि नको म्हणाली. वर जाऊन विहारातली लाकडी खुर्ची आणि तीन मुलं घेऊन आली. खुर्चीला खाली दोन बांबू बांधले, रत्नप्रभाला बसवलं, आपल्या ओढणीने तिच्या पोटाशी गाठ मारली. पुढच्या बांबूचं एक टोक तिने स्वतः खांद्यावर घेतलं.

"तू कशाला, मुलं आहेत की," मी म्हणालो.

"मावशींना पुढे बाईमाणूस दिसलं तर बरं वाटेल ना."

ते खरं होतं. रत्नप्रभाला परक्या पुरुषांनी उचलायचं म्हणजे मरणाची लाज. मला ते सुचलं नव्हतं.

दोन पायऱ्या उतरल्यावर रत्नप्रभाने डोळे घट्ट मिटले आणि देवाचं नाव घ्यायला लागली. माधुरी मागे न बघता म्हणाली, "मावशी, घावने कसे करता हो तुम्ही? माझे तव्याला चिकटतात."

"आता सांगू?"

"मग कधी? रविवारी करायचेत मला."

रत्नप्रभाने डोळे उघडले. स्वयंपाकाचं कोणी चुकीचं करतंय हे तिला सहन होत नसे. "तवो खंयचो तुझो? नॉनस्टिक?"

"हो."

"मगे चिकाटतलेच. बिडाचो घे गो. आणि अर्धो कांदो तेलात बुडवून तव्यार फिरवूचो. पीठ ताकासारख्या पातळ. मधी ओतू नको, कडेसून ओत."

घावने होईपर्यंत आम्ही पायथ्याशी पोचलो होतो.

मग ते नेमाचंच झालं. डायलिसिसच्या दिवशी माधुरी ऑफिसला जाताना तिला खाली न्यायची, दुपारी मुलं वर आणायची. प्रत्येक उतरणीला एक पदार्थ. खापरोळ्या झाल्या, काळ्या वाटाण्यांची आमटी झाली, फणसाची भाजी झाली. मासे सांगताना रत्नप्रभा इतकी रंगायची की माधुरी म्हणायची, "मावशी, हलू नका, आपण पाचही जण गटारात जाऊ, मग तुमचे बांगडे कोण खाणार?" पायऱ्यांवर बसलेल्या बायका ऐकून हसायच्या. माझी आजारी बायको खुर्चीत बसून पायऱ्यांवरून उतरताना हसायची. मी औषधांची पिशवी घेऊन मागून चालायचो आणि ते ऐकायचो. त्या वर्षातलं दुसरं काही मला फारसं आठवत नाही.

कठड्यासाठी माधुरीने वॉर्ड ऑफिस धरलं. अर्धी रजा टाकून जायची, बरोबर वरच्या वस्तीतल्या आणि आमच्यातल्या बायका. आमच्यातली शकु, आमची शेजारीण, सगळ्यांत आधी तिच्याबरोबर जायला लागली. साहेब आज नाहीत, उद्या या, जागा वादात आहे, निधी नाही, सगळं त्यांनी ऐकलं. मी शकुला विचारलं, "ती तिथे भांडते का गं?"

"भांडणा नाय नाना. बसान ऱ्हवता. साहेबाच्या समोर. हसान बघता. तेकाच जड जाता."

शेवटी एक इंजिनियर पाहणीला यायला तयार झाला. माधुरीने त्याला डायलिसिसच्या दिवशीच बोलावलं. तो वर येईपर्यंत धापा टाकत होता. रत्नप्रभा खुर्चीत तयार बसली होती. तीन मुलांपैकी एक जण मुद्दाम आला नव्हता, हे मला नंतर कळलं.

माधुरी म्हणाली, "साहेब, एक माणूस कमी आहे. जरा हात लावता?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "मी?"

"उतरायचंच आहे ना तुम्हाला. आम्ही पण उतरतोय."

दारादारांतून बायका बघत होत्या. नाही कसं म्हणेल? त्याने फाइल माझ्या हातात दिली आणि बांबू खांद्यावर घेतला. मधल्या वळणावर त्याचा बूट घसरला. खुर्ची तिरकी झाली आणि त्याने दुसरा हात हवेत नुसता फिरवला, काहीतरी धरायला. धरायला काही नव्हतं. मुलांनी सावरलं.

रत्नप्रभा त्याला म्हणाली, "भिया नको झिला. डोळे उघडे ठेव. तुका सोलकडी येता करूक?"

खाली पोचल्यावर तो बराच वेळ घाम पुसत उभा राहिला. जाताना रत्नप्रभाला नमस्कार करून गेला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कोणी पायऱ्यांवर आणलं नव्हतं. पावसाळा संपल्यावर पायथ्यापासून आमच्या घराच्या थोडं वरपर्यंत लोखंडी कठडा उभा राहिला. वरच्या वस्तीपर्यंत नाही गेला, निधी तेवढाच होता. म्हणजे जिने खटपट केली तिच्या दारापर्यंत तो पोचलाच नाही. मी तसं बोललो तर माधुरी म्हणाली, "आम्ही वरून उतरताना जरा लवकर पडू, एवढंच. पुढचा टप्पा पुढे बघू."

कठड्याला हिरवा रंग दिला त्या सकाळी रत्नप्रभाने खुर्ची थांबवायला सांगितली.

"माका उतरव गो."

"मावशी, नको ना."

"इतकी वर्सां मागितला देवीकडे. हात लावूक नको?"

माधुरीने गाठ सोडली. रत्नप्रभा उभी राहिली, कठडा धरला आणि आपल्या पायांनी उतरली. थोड्याच पायऱ्या, पण आपल्या पायांनी. मी पुढे उलटा चालत होतो. मग खुर्चीत बसली आणि तळहात बघून ओरडली, "अगे बाये, रंग ओलो आसा!"

रात्री मी रॉकेलने तिचा हात पुसला. नखांच्या कडेला थोडा रंग राहिला. पुढच्याच आठवड्यात ती गेली, तेव्हा तिची तयारी करताना मला तो दिसला. मी तो काढला नाही.

दशरथ स्मशानात आला होता, हे सांगायला हवं. शेवटपर्यंत थांबला, लाकडांचं बघितलं, माझ्या मुलाला देवेशला धीर दिला. दुसऱ्या दिवशी पायथ्याशी त्याने मोठा फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. रत्नप्रभा सीताराम घाडी. त्यावर खाली दशरथाचा फोटो, हात जोडलेला, आणि तिच्या फोटोच्या दुप्पट. शकु म्हणाली, "बघणाऱ्याक वाटात तोच गेलो."

बाराव्यानंतर माधुरी डबा घेऊन आली. घावने होते. मी एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणालो, "मीठ नाही गं ह्यात."

ती घाबरली. "मावशींनी मीठ सांगितलंच नव्हतं. मला वाटलं तुमच्यात घालत नाहीत."

रत्नप्रभाला डॉक्टरने मीठ बंद केलं होतं. तिच्याबरोबर मीही बिनमिठाचंच खात होतो. तिने माधुरीला जे काही शिकवलं ते सगळं त्या वर्षातलं, बिनमिठाचं. हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं, ती गेल्यापासून पहिल्यांदा. मग मी ते सगळे घावने खाल्ले. तसेच.

निवडणूक जाहीर झाली आणि माधुरी उभी राहिली. अपक्ष. निशाणी कपाट. आमच्याकडची माणसं हसली. "कपाट! निवडणूक झाली की कुलूप लावून ठेवतील." कोणी म्हणालं, "बाई चांगली आहे, पण आपल्यातली नाही." हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की म्हणणाऱ्याचा चेहरा बघायचंच मी सोडून दिलं.

दशरथ माझ्याकडे आला. बरोबर माझा पुतण्या मिथुन. तो दशरथाचं प्रचाराचं काम बघतो.

"नानानू, रविवारी नारळ ठेवचो आसा. गाऱ्हाणा तुमचाच."

"माझ्या घरात अजून वर्ष व्हायचंय रे, दशरथा."

"ता मी गावाक फोन करून इचारलंय. गाऱ्हाण्याक चलता म्हणान सांगितल्यानी." तो तिच्या फोटोकडे बघून म्हणाला, "आणि वैनी असती तर तिनाच तुमका धाडल्यान असता."

मिथुन म्हणाला, "काका, नाय जमत तर सांगा हां. मी घालतंय. मोबाईलवर सगळा लिवलेला मिळता."

दशरथ त्याच्यावर खेकसला, "गप रे! नाना ते नाना. मोबाईल काय देवीक दाखवतलंस?"

पण मिथुन बोलून गेला ते मला कळलं. मी घरी बसलो तर नारळ थांबणार नव्हता. आजोबांपासून चालत आलेला मान त्या दिवशी माझ्या हातून जाणार. आणि गेलो तर सगळ्या गावकऱ्यांसमोर, देवीसमोर, दशरथाला यश दे म्हणून मागायचं, कठड्याचं नाव न घेता.

मी म्हणालो, "गाऱ्हाणं घालीन. पण खरं तेच घालीन."

दशरथाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि हसला. "मगे? इतकी वर्सां काय खोटा घालतास?"

देवेश बोरिवलीला राहतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे वर्षाचं कारण आहे ना. घरी बसा. दशरथभाऊंना पण राग नाही, त्या बाईंना पण नाही. मत काय, गुपचूप देता येतं."

"मत गुपचूप देता येतं रे. गाऱ्हाणं नाही."

"तेच तर म्हणतोय. नका ना घालू."

त्याचं चुकत नव्हतं. तो आईचा मुलगा आहे, पण पायऱ्यांवर तो नव्हता. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे.

माधुरी रोज संध्याकाळी ऑफिसवरून आली की तशीच दारोदार फिरायची. पर्स खांद्याला, हातात पत्रकं. शकुच्या दारात मागायची, पुढच्या दारात मागायची. माझ्या दारात आली की म्हणायची, "काका, पाणी द्या." पाणी पिऊन, रत्नप्रभाच्या फोटोला नमस्कार करून पुढे. पत्रकसुद्धा ठेवत नसे.

एकदा मी विचारलं, "अगं, सगळ्या टेकडीकडे मत मागतेस. माझ्या दारात काय झालं?"

ती जरा अडखळली. "काका, तुमच्याकडे मागितलं तर ते मावशींच्या खुर्चीवर मागितल्यासारखं होईल. ते मला नाही करायचं. दशरथभाऊ तुमच्या गावचे आहेत, तुमचं तिथे नातं आहे. तुम्ही बघा तुमचं."

"आणि मी तुझ्यासाठी नारळ ठेवला तर?"

ती हसली. "मी नारळ मानत नाही, तुम्हाला माहितीय. आमच्याकडे वंदना घेऊन सुरुवात करतात, ती झाली परवाच." मग हसू थांबवून म्हणाली, "काका, खरंच सांगते. रविवारी भाऊंच्या मांडवात माझं नाव घेऊ नका. तुम्हाला ह्याच लोकांत राहायचंय. मी हरले तरी सोमवारी ऑफिसला जाईन. तुम्ही कुठे जाणार?"

मतं मागत फिरणारी उमेदवार, आणि माझ्या तोंडून तिचं नाव आलं तर आमची निम्मी मतं हलतील हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती मला गप्प राहायला सांगत होती. मी पुष्कळ पुढारी जवळून बघितले, नारळ ठेवताना सगळे माझ्या शेजारीच उभे असतात. असं कोणी बघितलं नव्हतं. माझं तिथेच ठरलं.

रविवारी मांडव भरला होता. दशरथ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार. घुमटीपुढे केळीच्या पानावर नारळ. मिथुनने माझ्यापुढे माईक धरला. मी चप्पल काढली, हात जोडले. बायकांच्या बाजूला नजर गेली. तिची जागा शकुने घेतली होती.

"बा देवी म्हाराजा, डोंगराच्या पायथ्याक बसलेल्या आये..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां हयसर जमलेली आसत. गाव सोडून इली, पण तुका इसारली नाय."

"व्हय म्हाराजा!"

"दशरथ परब तुझ्याच गावचो. मतां मागूक उभो रवलो आसा. तेका, तेच्या पोराबाळांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!" दशरथाने मान लववली.

मी श्वास घेतला. "ह्याच जाग्यार दोन खेपेक आमी कठड्यासाठी गाऱ्हाणा घातला."

"व्हय म्हाराजा!"

"तो कठडो झालो. पण तो दशरथान केल्यान नाय."

सवयीने निम्मी माणसं व्हय म्हाराजा म्हणून बसली आणि मग तोंडावर हात गेले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मिथुनने माईक ओढून घेतला. मी थांबलो नाही. गाऱ्हाणं माईक येण्याच्या आधीपासून घालतात.

"तो जेना केल्यान, ती बाय आमच्या गावची न्हय. तिका नारळ चलना नाय. तिना तुझ्याकडे कायएक मागूक नाय. माका पण नको म्हणान सांगितल्यान. पण माझ्या बायलेक चालाक जमना नाय तेवा तिना खांद्यार घेतल्यान."

कोणी काही म्हणालं नाही. दशरथ माझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. गाऱ्हाण्यात वाक्य संपलं आणि कोणी व्हय म्हणालं नाही तर पुढचं वाक्य घेता येत नाही. असं कधी झालं नव्हतं. मी हात जोडून उभा राहिलो. मी थांबायचो ते एका उशिराच्या आवाजासाठी, आणि तो आवाज आता कुठून येणार होता?

बायकांच्या बाजूने शकु म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मग तिच्या शेजारची. मग वॉर्ड ऑफिसात जाऊन बसलेल्या सगळ्या बायका. पुरुष खाली बघत होते, पण एकदोघांचे ओठ हलले.

"तिचा नाव माधुरी शिरसाट. माझा मत तिका. तुझ्यासमोर सांगतंय, मगे भायर येगळा सांगूचंय नाय. बाकीच्यांनी आपापला बघूचा. कोणाचा वाईट होव नको, दशरथाचा पण होव नको. टेकडी राख, टेकडीवरची सगळी माणसां राख, वयली आणि खालची. उरलेलो कठडो वरपर्यंत जावंदे."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी पुरुषही म्हणाले. माणसं राख म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

मी नारळ फोडला आणि त्याची एक कवड दशरथाच्या हातात दिली. त्याचा मान त्याला द्यायलाच हवा होता. त्याने ती घेतली. हलक्या आवाजात म्हणाला, "नानानू, माझ्या मांडवात?"

"मी तुला सांगितलं होतं, दशरथा."

"माका वाटला, नुसता बोलूचा म्हणान बोलतास."

खरंच त्याला तसंच वाटलं होतं. खरं बोलीन हे त्याच्याकडे सगळेच म्हणत असतील.

त्याच आठवड्यात आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाची बैठक झाली आणि गाऱ्हाण्याचा मान मिथुनला दिला. मला कोणी वाईट बोललं नाही. मान घराण्यातच राहिला, असं दोघेतिघे मला समजावत होते. काही जणांनी पायऱ्यांवर भेटलं तर बोलणं सोडलं. कठड्याला धरून बाजूने जातात.

माधुरी हरली. टेकडीवरच्या केंद्रांवर ती पुढे होती, आमच्या खालच्या घरांतसुद्धा. पण वॉर्डात रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगी येतात. तिथे तिला कोण ओळखतो? थोडक्यात हरली, दशरथाच्या तोंडचं पाणी पळवून हरली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला पायऱ्यांवर तिचा आवाज आला. "आजोबा, डोळे उघडे ठेवा. मला सांगा, तुमच्याकडे हुलग्याचं माडगं कसं करतात?" वरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला खुर्चीतून नेत होते. पुढच्या बांबूला ती, पर्स पाठीवर टाकलेली. मी दारात उभा होतो.

"मीठ विचार गं आधी," मी म्हणालो.

"आता पहिलं तेच विचारते काका," ती म्हणाली आणि उतरत गेली.

थोड्या दिवसांनी दशरथाची माणसं टेप घेऊन आली आणि वरच्या वस्तीपर्यंत पायऱ्या मोजून गेली. कठडा यायचाय, बोर्ड आधी आला. दशरथ परब यांच्या प्रयत्नांतून. मी चिडलो. माधुरीला दाखवला तर ती वाचून म्हणाली, "लावू दे ना. कठडा धरायला असतो काका, वाचायला नाही."

माघी गणपतीला मंडळाची पूजा होती. जाऊ की नको असं झालं होतं, पण गेलो. मागे, खांबाशी उभा राहिलो. मिथुन पुढे उभा राहिला. एका हातात मोबाईल होता, पण थोडं वाचल्यावर त्याचा चष्मा घसरला आणि त्याने तो खिशात टाकला. मग आठवेल तसं बोलायला लागला. अडखळत होता, पण आवाज चांगला आहे, आमच्या वडिलांसारखा.

"...आणि म्हाराजा, कठड्याचा काम वरपर्यंत पुरा होवंदे. कोणाची आवस, कोणाचो बापूस पडा नको."

"व्हय म्हाराजा!"

ह्या बाजूला मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो. काय बोलला ते मी आधी नीट ऐकून घेतलं. सगळ्यांचं म्हणून झालं होतं. मिथुन पुढचं वाक्य घेणार, तेवढ्यात मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मग पुढे गेला.